ख्रिस्ती शाळेतील समुपदेशकाची भूमिका : खान्देशच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचे एदलाबाद, हा तालुका संत मुक्ताबाईंच्या नावाने ओळखला जातो. तालुक्यातील कोथळी व मेहूण या स्थानांशी मुक्ताबाईंची स्मृती निगडित आहे. लोकांच्या बोलण्याने व्यथित झालेले ज्ञानेश्वर झोपडीचे दार लावून आत बसले, तेव्हा सर्वांत धाकट्या बहिणीने बाहेर उभे राहून त्यांची समजूत काढली, असे परंपरा सांगते. 'ताटीचे अभंग' या नावाने ती समजूत महाराष्ट्राला परिचित आहे. दुखावलेला माणूस दार लावून घेतो. बाहेरच्याने ते दार फोडायचे नसते, आतल्याने ते स्वतः उघडावे यासाठी बोलायचे असते. आधुनिक समुपदेशनाचे मर्म याहून फार वेगळे नाही.

प्रस्तुत लेखात ख्रिस्ती संस्थांनी चालविलेल्या शाळांमधील समुपदेशकाच्या भूमिकेचा विचार केला आहे. अशा शाळेत समुपदेशकाला दोन परंपरांच्या सीमेवर काम करावे लागते. एक धार्मिक पाळकीय सेवेची, तर दुसरी मानसशास्त्रीय व्यवसायाची. या दोहोंतील भेद स्पष्ट राहिला तरच मूल सुरक्षित राहते, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

ख्रिस्ती शाळा आणि खान्देशातील विद्यार्थी

महाराष्ट्रातील मिशनरी शिक्षणाची परंपरा जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईस आल्या व पुढे अहमदनगर येथे त्यांनी मुलींच्या शिक्षणाचे कार्य केले. विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने पश्चिम खान्देशात, विशेषतः नवापूर-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात, आपले काम उभे केले. मुक्ताईनगर परिसरातील पालकांना आज ख्रिस्ती शाळा म्हटले की प्रामुख्याने भुसावळ व जळगाव येथील कॉन्व्हेंट शाळा आठवतात.

या शाळांचे व्यवस्थापन ख्रिस्ती असले तरी वर्गातील बहुसंख्य विद्यार्थी ख्रिस्ती नसतात. केळी बागायतदाराचा मुलगा, रेल्वे कर्मचाऱ्याची मुलगी, मुस्लीम व्यापाऱ्याची मुले, तडवी कुटुंबातील पहिल्या पिढीचा विद्यार्थी असे सर्वजण एका बाकावर बसतात. शाळेची भाषा इंग्रजी, घरची भाषा लेवा बोली, अहिराणी, उर्दू किंवा तडवी. 'माले करमत नही' असे म्हणणारे मूल आपल्या खिन्नतेला इंग्रजीत शब्द देऊ शकत नाही. ते डोके दुखते किंवा पोटात कळ येते एवढेच सांगते. म्हणून समुपदेशकाच्या खोलीत तरी इंग्रजीचा आग्रह नसावा, ही पहिली आवश्यकता होय.

पाळकीय सेवा व समुपदेशन : साम्य आणि भेद

ख्रिस्ती परंपरेत दुसऱ्याचे दुःख ऐकून घेण्याला मोठे स्थान आहे. कार्ल रॉजर्स यांनी मानसशास्त्राकडे वळण्यापूर्वी न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत सुमारे दोन वर्षे शिक्षण घेतले होते. भारतात जे. एम. फुस्टर या जेझुइट धर्मगुरूंनी वैयक्तिक समुपदेशनावर ग्रंथलेखन केले. मुंबईत जन्मलेले अँथनी डिमेलो यांनी १९७० च्या दशकात पुणे येथे 'साधना' ही पाळकीय समुपदेशनाची संस्था सुरू केली व पुढे ती लोणावळ्यास नेली. ख्रिस्ती संस्थांना हा विषय परका नाही, हे यावरून दिसते.

तथापि साम्यामुळे भेद पुसला जाऊ नये. पाळकीय सेवेत श्रद्धा ही दोघांमधील समान भूमी असते. समुपदेशनात तसे गृहीत धरता येत नाही. धर्मगुरू मार्ग दाखवितो. समुपदेशक विद्यार्थ्याला स्वतःचा मार्ग शोधण्यास साहाय्य करतो. रॉजर्स यांनी सांगितलेली निरपेक्ष स्वीकाराची वृत्ती येथे कसोटीला लागते. एखाद्या विद्यार्थ्याने प्रेमसंबंध, व्यसन अथवा देवावरील अविश्वास बोलून दाखविला, तर समुपदेशकाच्या चेहऱ्यावर प्रवचनाची छाया उमटता कामा नये.

याला घटनात्मक बाजूही आहे. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा अधिकार दिला आहे. त्याचबरोबर कलम २८(३) नुसार शासनमान्य वा अनुदानित संस्थेत विद्यार्थ्याच्या, तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभाग सक्तीचा करता येत नाही. समुपदेशनाची खोली ही या तरतुदीची सर्वांत नाजूक जागा आहे. दुःखात असलेले मूल 'नाही' म्हणण्याच्या स्थितीत नसते. म्हणून अन्य धर्मीय विद्यार्थ्यापुढे समुपदेशकाने प्रार्थनेचा प्रस्ताव स्वतःहून ठेवू नये. ख्रिस्ती विद्यार्थ्याने तशी इच्छा व्यक्त केल्यास त्याला धर्मगुरूंची भेट घडवून द्यावी. या मर्यादेमुळे शाळेचे ख्रिस्तीपण उणे होत नाही. चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टान्तात वाटेवर पडलेल्या जखमी माणसाला त्याचा धर्म विचारलेला नाही. शिवाय तो शोमरोनी त्याला उताराशाळेत पोचवितो व पुढील शुश्रूषा दुसऱ्यावर सोपवितो. आपल्या आवाक्याबाहेरची जखम योग्य हाती देणे हाही सेवेचाच भाग आहे.

गोपनीयता आणि तिची मर्यादा

दोन परंपरांतील सर्वांत गंभीर भेद गोपनीयतेसंबंधी आहे. कॅथलिक चर्चच्या कायद्यानुसार प्रायश्चित्त संस्कारातील पापनिवेदन कोणत्याही कारणास्तव उघड करता येत नाही. समुपदेशनातील गोपनीयता मात्र अशी निरपवाद नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (पॉक्सो) मधील कलम १९ नुसार असा अपराध घडल्याची माहिती असलेल्या अथवा घडण्याची शंका असलेल्या कोणत्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकास किंवा स्थानिक पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. तसे न केल्यास कलम २१ नुसार शिक्षेची तरतूद असून संस्थाप्रमुखाची जबाबदारी अधिक आहे.

एक उदाहरण घेऊ. इयत्ता नववीची विद्यार्थिनी सिस्टरांकडे येते व 'कोणाला सांगणार नाही असे वचन द्या' म्हणते. शाळेतील वातावरणामुळे सिस्टर, धर्मगुरू व समुपदेशक तिला एकच वाटतात. ते वचन दिले आणि पुढे नातेवाइकाकडून होणारा अत्याचार तिने सांगितला, तर एकतर कायदा मोडतो किंवा विश्वास मोडतो. म्हणून पहिल्याच भेटीत सोप्या शब्दांत सांगावे : 'तू सांगशील ते मी माझ्यापाशी ठेवीन, पण तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला, शरीराला धोका असेल, तर मदतीसाठी योग्य व्यक्तीला सांगावे लागेल, आणि ते तुला सांगूनच करीन.' मर्यादा आधी सांगितली तर मूल बोलणार नाही, अशी भीती व्यक्त केली जाते. परंतु मर्यादा लपवून मिळविलेला विश्वास हा विश्वास नव्हे. संस्थेच्या प्रतिष्ठेसाठी प्रकरण आतल्या आत मिटविण्याचा मोह कोणत्याही संस्थेला होऊ शकतो. अशा वेळी समुपदेशकाची निष्ठा प्रथम मुलाशी असावी.

समुपदेशकाची प्रत्यक्ष कार्ये

१. शिस्त व समुपदेशन यांची फारकत : अनेक शाळांत एखाद्या शिक्षकाकडेच समुपदेशनाचा अतिरिक्त कार्यभार दिला जातो. जो गुण देतो व शिक्षा करतो, त्याच्यापुढे विद्यार्थी मोकळा होत नाही. किमान त्या शिक्षकाने स्वतःच्या वर्गातील विद्यार्थ्यांचे समुपदेशन करू नये. समुपदेशनाच्या नोंदीही शाळेच्या सर्वसाधारण दप्तरात ठेवू नयेत.

२. आर्थिक ताणाची दखल : वादळाने केळीची बाग आडवी झाली किंवा कापसाला भाव मिळाला नाही, की शाळेचे शुल्क थकते. वर्गात नाव पुकारून शुल्क मागितले गेले, तर मुलाच्या मनावर होणारा आघात त्या रकमेहून मोठा असतो. हे व्यवस्थापनाच्या लक्षात आणून देणे समुपदेशकाचे कर्तव्य आहे.

३. व्यवसाय मार्गदर्शन : ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या बाबतीत येथे विशेष माहितीची गरज असते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या व्यक्तीस अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. महाराष्ट्रात अशा धर्मांतरितांचा समावेश इतर मागासवर्गात होतो. अनुसूचित जमातीच्या दर्जाला मात्र धर्माची अट नाही. दहावीनंतर प्रवेशअर्ज भरताना हा भेद कळतो, तेव्हा विद्यार्थ्याला आपल्या ओळखीविषयीच प्रश्न पडू लागतात. अचूक माहिती आणि धीर, दोन्ही त्या वेळी द्यावे लागतात.

४. संदर्भसेवा : तीव्र नैराश्य, आत्महत्येचे विचार वा गंभीर मनोविकाराची लक्षणे दिसल्यास पालकांना विश्वासात घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेलि-मानस' ही सेवा (१४४१६) व बालकांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी यांचे क्रमांक दर्शनी भागात लावावेत.

वर्तमान स्थिती आणि महाविद्यालयांची जबाबदारी

कोठारी आयोगाने (१९६४-६६) मार्गदर्शन हा शिक्षणाचा अविभाज्य भाग मानला होता. तरीही समुपदेशकाचे पद दीर्घकाळ ऐच्छिक राहिले. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेव साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांनुसार १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने बाल व किशोरवयीन मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता नेमणे अपेक्षित आहे. लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संबंध प्रस्थापित करावयाचा आहे.

तालुका पातळीवर असा प्रशिक्षित समुपदेशक मिळणे कठीण आहे. येथेच महाविद्यालयीन प्राध्यापकांचा संबंध येतो. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील मानसशास्त्र, समाजकार्य व शिक्षणशास्त्र विभागांनी परिसरातील शाळांशी करार करून पर्यवेक्षित क्षेत्रकार्य सुरू करता येईल. अहिराणी, लेवा बोली व आदिवासी बोलींतील भावनावाचक शब्दांचा संग्रह हा भाषा व मानसशास्त्र विभागांचा उपयुक्त संयुक्त प्रकल्प ठरेल. मात्र केवळ पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला पर्यवेक्षणाशिवाय संकटग्रस्त मुलासमोर बसवू नये.

निष्कर्ष

ख्रिस्ती शाळेतील समुपदेशक हा धर्मोपदेशक नव्हे, शिस्तपालन अधिकारी नव्हे आणि संस्थेच्या प्रतिष्ठेचा रक्षकही नव्हे. सेवाभाव व श्रवणाची परंपरा त्याला संस्थेकडून लाभते. व्यवसायाची शिस्त मात्र त्याला स्वतः सांभाळावी लागते. धर्म न विचारता ऐकणे, गोपनीयतेची मर्यादा आधीच सांगणे आणि आवश्यक तेथे मुलाला योग्य हाती सोपविणे, या तीन गोष्टी पाळल्या गेल्या तर शाळेचे ख्रिस्तीपण आणि मुलाचे हित यांत विरोध उरत नाही. दार लावून बसलेली मुले प्रत्येक शाळेत असतात. ताटीबाहेर कोणीतरी थांबलेले आहे, एवढे त्यांना कळावे, याची व्यवस्था करणे हे शाळांचे आणि आपणा सर्व अध्यापकांचे दायित्व आहे.