गिटारला द्या हक्काचा कोपरा!

कॉलेजात जिच्याशिवाय दिवस मावळायचा नाही, ती गिटार नोकरी लागल्यावर बेडखाली गेली? तिला बाहेर काढायचं, तर आधी नीट जागा हवी. भिंतीला एकही भोक न पाडता तीन-चार गिटार्स एकत्र ठेवणारा फ्लोअर स्टँड कसा निवडायचा, त्याचा हा फंडा…

रविवारची सकाळ. हातात चहाचा मग, घरात शांतता, वाजवायचा मूड एकदम परफेक्ट. पण गिटार कुठंय? बेडखाली! मग आधी ट्रॉली बॅग बाहेर ओढा, चादरींची पिशवी सरकवा, केसवरची धूळ झटका, अडकलेली चेन उघडा… तोवर चहा गार आणि मूड गायब. मग आपण मोबाइल उचलतो आणि स्वतःलाच सांगतो, ‘पुढच्या वीकएंडला नक्की!’

ओळखीचं वाटतंय ना? आपल्याला वाटतं, वेळ मिळत नाही म्हणून वाजवणं सुटलं. खरं तर रोज दहा मिनिटं कुणालाही मिळतात. पण त्यातली सात गिटार बाहेर काढण्यातच गेली, तर कोण वाजवणार? हात लांब केला की गिटार हाती यायला हवी. बस्स, एवढंच!

पण म्हणून ती कुठेही टेकवून ठेवायची नाही. हा धडा मी महाग पडून शिकलोय. पुण्यातला आमचा वन बीएचके, राहणारे दोघं आणि वाद्यं चार : दोन अॅकॉस्टिक, एक इलेक्ट्रिक आणि रूममेटचा बेस. जुलैतल्या एका संध्याकाळी माझी कॉलेजपासूनची अॅकॉस्टिक कपाटाला टेकवून ठेवली होती. रूममेटने टॉवेल घ्यायला कपाट उघडलं. गिटार सरकली, तोंडावर आपटली आणि ‘कट्ट’ असा आवाज आला. उचलून पाहिलं, तर डोकं मानेपासून तुटून तारांवर लोंबकळत होतं. त्या रात्री आम्ही दोघं एकमेकांशी फारसं बोललोच नाही.

गिटार रिपेअर करणाऱ्या काकांनी ग्लू लावून, क्लॅम्पमध्ये आवळून तिला पुन्हा उभं केलं. वर हेही सांगितलं, की त्यांच्याकडे अशा केसेस नेहमीच्याच. कारण साधं आहे. अॅकॉस्टिकच्या सहा स्टीलच्या तारा मिळून साधारण 70 किलोच्या ताणाने डोकं ओढत असतात. त्यात अनेक गिटार्सचं डोकं मागे कललेलं. गिब्सनच्या लेस पॉलमध्ये तर हा कोन 17 अंशांचा असतो. अशी गिटार पाठीवर पडली, की पहिला मार डोक्यालाच! फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरचं डोकं सपाट, म्हणून ती या बाबतीत जरा काटक. पण म्हणून तिला पाडून बघू नका, प्लीज.

भिंतीवरचे हुक हा झकास उपाय. पण आमच्या घरमालकांचा फतवा आहे, ‘भिंतीला ड्रिल नाही.’ डिपॉझिट कुणाला प्यारं नाही? मग उरला फ्लोअर स्टँड.

रॅक की झाड?

तीन वाद्यांना तीन सुटे स्टँड घेतले, की खोलीभर पायच पाय. रात्री पाणी प्यायला उठलात, की ठेच ठरलेली. म्हणून तीन किंवा जास्त वाद्यं असतील, तर एकत्र ठेवणारा स्टँड बरा. त्याचे मुख्य प्रकार दोन.

पहिला रॅक. खाली फोम गुंडाळलेल्या दांड्या, वरच्या दांडीवर मान टेकवायला खाचा. कपाटात पुस्तकं लावतो तशा गिटार्स एकीशेजारी एक उभ्या राहतात. तीन, पाच, सात खणांचे रॅक मिळतात. पाच खणांचा रॅक साधारण अडीच-तीन फूट भिंत व्यापतो आणि बहुतेक रॅक घडी करून ठेवता येतात. वारंवार घर बदलणाऱ्यांसाठी हे भारीच! तोटा एकच. गिटार नुसती टेकलेली असते, तिला पकड नसते. शिवाय मधली काढताना घाई केली, की शेजारणीच्या खुंट्यांना धक्का बसलाच.

दुसरा प्रकार झाडासारखा. मधे एक खांब, खाली तीन पाय आणि वर तीन दिशांना तीन हात. प्रत्येक हातावर एक गिटार डोक्याने अडकते. हर्क्युलिससारख्या कंपन्यांच्या स्टँडमध्ये गिटार अडकवली, की तिच्याच वजनाने मानेभोवतीची कडी आपोआप मिटते. घरात लहान भाचेकंपनी किंवा मांजर असेल, तर ही पकड लाखमोलाची. पण या झाडाला चारी बाजूंनी मोकळी जागा लागते. कोपऱ्यात ढकललंत, की मागची गिटार पुन्हा ‘बेडखाली’ गेल्यासारखीच! आणि एक गिटार काढल्यावर उरलेल्या दोघींच्या वजनाने झाड कलत नाही ना, हेही दुकानातच बघून घ्या.

खणांचं गणित

इथेच बहुतेक जण फसतात. पाच खण म्हणजे पाच गिटार्स, असं आपण धरून चालतो. पण इलेक्ट्रिकची बॉडी असते साधारण साडेचार-पाच सेंटिमीटर जाड आणि मोठ्या ड्रेडनॉट अॅकॉस्टिकची दहा-बारा. म्हणजे एका अॅकॉस्टिकला सहसा दोन खण लागतात. पाच खणांत पाच इलेक्ट्रिक मावतील, पण अॅकॉस्टिक फार तर तीन. त्याही आधी फोमचे विभाजक सरकवता आले तर.

आमचा हिशेब लावून बघा. दोन अॅकॉस्टिकचे चार खण, इलेक्ट्रिकचा एक, बेसचा एक. एकूण सहा! आणि कपाट ते बाल्कनीचं दार यामधली भिंत होती तीन फूट. सात खणांचा रॅक बसेना आणि पाच खणांत सगळी मंडळी मावेनात. टेप घेऊन आम्ही अर्धा तास ती भिंत मोजली. ती काही वाढली नाही.

आणखी काही नग आधीच तपासा. 1958 साली आलेल्या फ्लाइंग व्ही आणि एक्स्प्लोररच्या आकाराच्या गिटार्स रॅकच्या दांड्यांवर धड उभ्या राहत नाहीत, त्यांना अडकवणंच बरं. उलट हेडलेस गिटारला अडकवायला डोकंच नसतं! नायलॉन तारांच्या क्लासिकलची मान नटपाशी साधारण 52 मिलिमीटर रुंद असते, इलेक्ट्रिकची 43 च्या आसपास. तेव्हा कडीत ती नीट बसते का, ते बघा. छोटी सोप्रानो युकुलेली जेमतेम 53 सेंटिमीटरची. तिची मान रॅकच्या वरच्या दांडीपर्यंत पोचतच नाही, तिला वेगळा छोटा स्टँड द्या. आणि आजोबांचा मिरजेचा तानपुरा असेल, तर त्याला या गर्दीत मुळीच उभं करू नका. भोपळ्याला दांडीचा टेकू चालत नाही. तो आपला गवसणीत, स्वतःच्या कोपऱ्यातच शोभतो.

रबराचा छुपा दगा

स्टँडच्या काळ्या फोम-रबराकडे कुणी लक्ष देत नाही. पण काही महागड्या आणि जुन्या गिटार्सवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असतं. काही रबर आणि प्लास्टिकमधली मऊपणा आणणारी रसायनं हळूहळू या लॅकरमध्ये उतरतात. लॅकर मऊ पडतं, चिकटतं आणि गिटार उचलली की तिथे कायमचा डाग! आजच्या बहुतेक गिटार्सवर पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टरचं फिनिश असतं. त्यांना हा धोका बराच कमी, पण फिकट रंगावर कधीकधी काळपट छटा येऊ शकते.

उपाय? एकदम घरगुती. आईच्या जुन्या सुती साडीच्या पट्ट्या कापा आणि गिटार जिथे जिथे टेकते, तिथे गुंडाळा. साडी मागताना आईने विचारलं, ‘गिटारला साडी नेसवतोस का रे?’ आता आमच्या काळ्याभोर रॅकवर मोरपिशी पट्ट्या आहेत. येणारा प्रत्येक पाहुणा आधी त्यांचंच कौतुक करतो!

आपली हवा, आपला पाऊस

गिटारच्या लाकडाला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ती सहज 80 च्या वर जाते. लाकूड फुगतं, तारा वर उचलल्यासारख्या वाटतात आणि गंजतातही. उलट पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात किंवा दिवसभर चालणाऱ्या एसीत लाकूड आकसतं. फ्रेट्सची टोकं बोटांना टोचायला लागतात आणि फारच झालं तर टॉपला चीर जाते.

म्हणजे स्टँड नकोच का? तसं नाही. इलेक्ट्रिक आणि प्लायवूडची अॅकॉस्टिक हे बऱ्यापैकी सोसतात. सॉलिड लाकडाची अॅकॉस्टिक मात्र भर पावसाळ्यात केसमध्येच ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. खोलीत एक छोटा हायग्रोमीटर ठेवलात, की अंदाजपंचे काम नको. स्टँड कधीही एसीच्या झोताखाली, उन्हाच्या खिडकीत किंवा ओल आलेल्या भिंतीला लावू नका. दाराच्या पट्ट्यातही नको. आणि लादी पुसायला येणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगा, ‘मावशी, हा स्टँड सरकवू नका, त्याच्याखालची लादी आम्ही पुसू.’ (आणि मग खरंच पुसा!)

दुकानात जाताना…

* टेपने जागा मोजा. गिटार बाहेर काढायला समोर दोन-अडीच फूट मोकळे हवेत.
* आपली सगळ्यात जाड गिटार सोबत न्या. फोटोवरून अंदाज चुकतो.
* स्टँड रिकामा असताना हलवून बघा. पाच इलेक्ट्रिक म्हणजे सहज 17-18 किलो. रिकामाच डुगडुगत असेल, तर ‘नेक्स्ट प्लीज’ म्हणा.
* पायांना रबरी बूच आहेत ना? गुळगुळीत टाइल्सवर त्यांच्याशिवाय स्टँड घसरतो.
* स्क्रू हाताने आवळता येतात का, सुटा फोम बदलून मिळतो का, ते विचारा.
* जड वाद्यं रॅकवर समान वाटून ठेवा, सगळी एका टोकाला नकोत.

आणि सहावा खण?

आमचं गणित अजून सुटलेलं नव्हतं. दोनपैकी एक अॅकॉस्टिक कमी करायची होती. एक ती ग्लू लावलेली, मानेवर व्रण असलेली. दुसरी पहिल्या बोनसमधून घेतलेली, चकाचक. डोकं म्हणत होतं, तुटकी काढ. मग मी प्रामाणिकपणे आठवलं, की चकाचक गिटार शेवटची कधी वाजवली होती? आठवेना. तिला ओरखडा जाईल, या भीतीने मी तिला केसमधून काढतच नव्हतो.

ऑफिसमधला एक ट्रेनी लंच-टाइमला टेबलावर बोटांनी ताल धरत बसायचा. मोबाइलवर बघून कॉर्ड्स शिकत होता, पण गिटार मित्राची, उसनी आणलेली. बोनसची गिटार त्याच्याकडे गेली. देताना हात जड झाला, खोटं कशाला बोलू? पण पुढच्याच सोमवारी त्याने बोटांच्या टोकांवरचे फोड अभिमानाने दाखवले. ती गिटार दोन वर्षांत माझ्याकडे वाजली नसेल, तेवढी त्या एका वीकएंडला वाजली होती.

तुटून जोडलेली आता रॅकच्या पहिल्या जागेत आहे, सोफ्यापासून एक हात अंतरावर. कुकरच्या तीन शिट्ट्या होईस्तोवर एखादं गाणं होतं, कॅब यायला पाच मिनिटं असली तर अर्धं. ज्याच्या हातून ती पडली, तो रूममेटच हल्ली ती सगळ्यात जास्त वाजवतो.

आणि हो, आता एक खण रिकामा राहिलाय. ‘तिथे एक टेलीकास्टर काय सुंदर दिसेल!’ रूममेटचं रोजचं पालुपद. सध्या तरी तो खण गिटार घेऊन येणाऱ्या पाहुण्यांसाठी राखीव आहे. येताय?