रोजमेळाबाहेरची मिळकत

सायंकाळी बाजार उठताना हाती शक्य तितके कमी उरावे, आणि उरलेच तर त्याची जोखीम उलट्या सौद्याने बांधून टाकून निश्चिंत मनाने घरी जावे, हा ज्या धंद्याचा आद्य शिरस्ता, त्याच धंद्यातील एका पेढीची सर्वांत मोठी दौलत अशा कागदांत साठून राहावी की जे मनात आले म्हणून विकता येत नाहीत आणि ज्यांचा भाव कोणत्याही फळ्यावर लागत नाही, हा गेल्या चार दशकांच्या सराफी व्यवहारातील मोठा कौतुकाचा प्रकार आहे.

पेन्सिल्व्हेनियातील सस्क्वेहाना ही ती पेढी. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टनच्या विद्यापीठात सोबत शिकलेल्या जेफ यास, आर्थर डँचिक प्रभृती मित्रांनी १९८७ साली ती काढली आणि त्या गावावरून वाहणाऱ्या नदीचे नाव तिला दिले. त्याच वर्षीच्या १९ ऑक्टोबरला अमेरिकेचा डाऊ निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला. बारशाच्या वर्षीच भूकंप व्हावा, तसे झाले. धंदा ऑप्शनचा, म्हणजे मुंबईच्या जुन्या बाजारात ज्यांना तेजीमंदी म्हणत आणि १९५६ च्या कायद्याने ज्यांवर आपल्याकडे १९९५ पर्यंत बंदी होती, त्या सौद्यांचा. नवख्या उमेदवाराला येथे पोकर खेळायला बसवतात. अपुऱ्या माहितीवर किती लावावे आणि केव्हा पत्ते टाकून उठावे, हे पुस्तकापेक्षा त्या टेबलावर लवकर उमगते, अशी संस्थापकांची श्रद्धा.

अशा पेढीला खासगी कंपन्यांत पैसा घालण्याची बुद्धी का व्हावी? जोखीम वाटून टाकण्यासाठी, असे उत्तर सहसा मिळते आणि ते खोटे नाही. बाजार खवळला की सौदे करणाऱ्याची मिळकत वाढते आणि नव्या कंपन्यांचे मोल उतरते, तेव्हा एका हाताची तूट दुसरा हात भरून काढतो. परंतु खरे कारण, माझ्या मते, अधिक घरगुती आहे: गंगाजळीला जागा पुरेना. खरेदी-विक्रीच्या भावांतील चिमूटभर अंतरावर जगणाऱ्या या धंद्यात भांडवल दुप्पट केले म्हणून नफा दुप्पट होत नाही. एका मर्यादेपलीकडे आपलाच पैसा आपलाच भाव बिघडवू लागतो. बरे, पैसा भागीदारांचा स्वतःचा. परका ठेवीदार नाही, तगादा नाही, आणि इतरांचा पैसा गोळा करणाऱ्या निधीला साधारणतः दहा वर्षांनी सारे मोडून हिशेब चुकता करावा लागतो, तशी मुदतही नाही.

२००५ च्या सुमारास पेढीने चीनमध्ये या कामाचे दप्तर उघडले. तेथील कारभारी जोन वांग यांची झांग यिमिंग या तरुणाशी ओळख झाली, ती तो प्रवासाची तिकिटे शोधून देणाऱ्या एका कंपनीत नोकरीस असताना; पुढे २००९ साली त्याने घरांच्या शोधाचे संकेतस्थळ काढले तेव्हाही पेढीचा पैसा त्यात होताच. २०१२ च्या आरंभी, चिनी नववर्षाच्या सुट्टीत, बीजिंगमधील एका कॉफीघरात झांगने कागदी रुमालावर रेघोट्या ओढून आपली नवी कल्पना वांगबाईंना समजावली: वाचकाने काय मागितले हे न पाहता त्याला काय आवडेल हे यंत्रानेच ताडून बातम्या पुढ्यात ठेवाव्यात. त्या रुमालातून बाइटडान्स निघाली आणि यथावकाश टिकटॉक. पेढीचा त्यातील हिस्सा सुमारे १५ टक्के असल्याचे पुढे प्रसिद्ध झाले. या यशाचे श्रेय संभाव्यतेच्या गणिताला देण्याची प्रथा आहे. मला त्यात मुनिमाच्या जुन्या वहिवाटीचाच भाग मोठा दिसतो: माणूस दोनदा पारखून झाला होता, तिसऱ्यांदा त्याच्या शब्दावर रक्कम दिली. शिवाय त्याच दप्तरात नोंदलेल्या इतर किती कंपन्यांची नावे आज कोणाच्या ओठांवर आहेत?

दौलत वाढली तशी तिची अडचणही. जून २०२० मध्ये भारताने टिकटॉकवर बंदी घातली आणि एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेने कायदाच केला की बाइटडान्सने तेथील कारभार विकावा, नाहीतर गाशा गुंडाळावा. क्षणोक्षणी दुसऱ्यांना घेण्याचा आणि देण्याचा भाव सांगणारी पेढी आता स्वतःच्या मालाचा भाव वॉशिंग्टनच्या सभागृहांतून ऐकू लागली. यास हे रिपब्लिकन पक्षाचे बडे देणगीदार असल्याने या प्रकरणाची चर्चा अर्थातच बाजारापुरती राहिली नाही.

शिकागोच्या पेढ्यांनीही हाच मार्ग धरला. डीआरडब्ल्यूने इमारतींत पैसा घातला. जंपने आभासी चलनांच्या क्षेत्रात वर्महोल नामक व्यवस्था उभारणारी कंपनीच विकत घेतली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये चोरांनी त्या व्यवस्थेतून १,२०,००० इथर लांबवले तेव्हा तीस कोटी डॉलरांहून मोठे ते भगदाड स्वतःच्या तिजोरीतून बुजवले. सौदा अंगावर आला तर तोडता येतो. मालकी अंगावर आली की घर शाकारावे लागते.

मुंबईत या वाटेने सर्वांत दूर गेले ते राकेश झुनझुनवाला. स्वतःच्या आणि पत्नीच्या नावांच्या आद्याक्षरांवरून ‘रेअर’ नाव दिलेल्या त्यांच्या पेढीत परक्याचा पैसा नव्हता. सौद्यांतून आलेला नफा गुंतवणुकीत मुरवत नेणे ही त्यांची जाहीर रीत. मेट्रो शूज आणि स्टार हेल्थ या कंपन्यांत त्यांनी त्या बाजारात नोंदल्या जाण्याच्या कितीतरी आधी पैसा घातला होता आणि दोन्ही डिसेंबर २०२१ मध्ये बाजारात आल्या. अकासा ही विमान कंपनी मात्र त्यांनी आरंभापासूनच उभी केली, तीही अशा व्यवसायात की ज्याने भल्याभल्यांची दिवाळी काढली आहेत. तिचे पहिले विमान ७ ऑगस्ट २०२२ रोजी मुंबईहून अहमदाबादला गेले. १४ ऑगस्टला झुनझुनवाला वारले. त्यानंतर तीन वर्षे लोटली तरी तिच्या समभागांचा भाव दलाल स्ट्रीटच्या फळ्यावर लागलेला नव्हता.