अंगातली शेगडी

पौषातली थंडी जुन्नर-आंबेगावच्या माणसांना सांगायला नको. पहाटे बागेला पाणी द्यायला निघालेला गडी घोंगडी पांघरूनही कुडकुडतो. कुडकुडणे म्हणजे स्नायू थरथरतात आणि त्यातून ऊब निघते. पण नुकते जन्मलेले बाळ पाहा. त्याला नीट कुडकुडताही येत नाही. मग ते ऊब कोठून आणते?

त्याच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, मानेभोवती आणि मूत्रपिंडांजवळ एक निराळी चरबी असते. तिचा रंग तपकिरी. तिच्या पेशींत लोहाचा अंश पुष्कळ, म्हणून हा रंग. आपल्या पोटावर साठते ती पांढरी चरबी. ती म्हणजे धान्याची कणगी. आज उरले ते उद्यासाठी ठेवते. तपकिरी चरबी ही शेगडी आहे. तिचे काम जाळण्याचे.

ती जाळते कशी? विहिरीवरचे इंजिन आठवा. पट्टा चढवला की पंप फिरतो, पाणी वर येते. आता पट्टा उतरवा आणि इंजिन तसेच चालू ठेवा. तेल जळते, पाणी येत नाही, इंजिन नुसते तापते. शेतकरी याला नुकसान म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. पण बाळाला ते तापणेच हवे असते. तपकिरी चरबीच्या पेशीत एक प्रथिन असते, ते हा पट्टा उतरवते. अन्नातली शक्ती कामाला न लागता तिची उष्णता होते आणि रक्तातून अंगभर जाते.

१९७९ साली लंडनमध्ये रॉथवेल आणि स्टॉक या दोघा शास्त्रज्ञांनी उंदरांना चटकदार खाणे भरपूर दिले. उंदीर खात सुटले. पण खाल्ले त्या मानाने त्यांचे वजन वाढले नाही. त्यांची तपकिरी चरबी मात्र वाढली होती. जास्तीच्या अन्नातले बरेच तिने जाळून टाकले होते. मोठ्या माणसात ही चरबी जवळजवळ उरत नाही, असे पूर्वी मानत. २००९ साली अमेरिका, हॉलंड व फिनलंड येथील तपासण्यांत ती मोठ्यांच्या मानेत आणि गळ्याच्या हाडावर दिसली. थंडीत ती पेटते.

हे सांगताच एका गृहस्थाने आम्हाला विचारले, "मग मास्तर, उघडं बसून थंडी खाल्ली तर पोट उतरंल का?"

नाही बाबा! मोठ्या माणसात ही शेगडी मोजक्या तोळ्यांची. वय वाढले, अंग सुटले, की ती आणखी विझते. उरलेले अन्न कणगीतच जाते. आणि आपल्याकडे ही कणगी जन्मापासून भरू लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळे तपासली. सरासरी वजन २.७ किलो; इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हाडामासाने बारीक, पण चरबी त्या मानाने कमी नव्हती. म्हणून सडपातळ माणसालाही मधुमेह गाठतो.

आता पुन्हा बाळाकडे. शेगडीला जळण लागते. जन्मल्यावर तासाभरात आईचे दूध पाजावे. पहिला चीक फेकू नये. पहिला दिवस आंघोळ घालू नये. अंग पुसून कोरडे करावे, डोके झाकावे आणि आईच्या उघड्या छातीशी धरावे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाजवळ ही चरबी फार थोडी असते. त्याच्या पोटाला हात लावून पाहावा. पोट गार लागले आणि बाळ दूध ओढीना, तर शेकत बसू नये. छातीशी धरूनच त्याला तडक प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, मग डोंगरातल्या वाडीवर रात्र असली तरी.