खोडव्याची तारीख आणि संगणकाचा धडा



गाळप हंगाम सुरू झाला की आमच्या शेतकी विभागात दिवसभर एकच प्रश्न ऐकू येतो : "साहेब, मना नंबर कधी शे?" सभासद तापीकाठचा असो की पांझरेकाठचा, तोडणीचा नंबर म्हणजे त्याच्या वर्षाच्या कमाईचा प्रश्न. म्हणूनच मागे एका हंगामात झालेली चूक आज मोकळेपणाने सांगतो.

त्या वर्षी तोडणी कार्यक्रम संगणकावर तयार केला आणि काही गटांत खोडव्याचे प्लॉट यादीत सर्वांत वर आले. मार्चमध्ये तुटलेल्या उसाचा खोडवा नोव्हेंबरात जेमतेम आठ महिन्यांचा. टोळ्या गेल्या, कोवळा ऊस तुटला, वजनात मार बसला. तिकडे पक्व झालेला पूर्वहंगामी ऊस उभाच राहिला आणि त्याला तुरे आले. कारण शोधले तेव्हा कळले की, प्रोग्रॅम खोडव्याचे वय मूळ लागणीपासून मोजत होता! खोडव्याचे वय आधीचा ऊस तुटला त्या दिवसापासून धरावयाचे, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक. यंत्राला कोण सांगणार? प्रोग्रॅम बाहेरून करून घेतलेला होता हे खरे. पण "लागण तारीख" असा एकच रकाना असलेली नोंदवही आम्हीच दिली होती. तेव्हा निम्मा दोष आमचा.

मग ठरविले, हे काम आपण स्वतः समजून घ्यायचे. पदविका शेतीची, वय चाळिशीपुढचे. पण जळगावला संगणकाचे शिक्षण घेतलेली एका सभासदाची मुलगी संध्याकाळी शिकवावयास तयार झाली. ती आम्हाला काका म्हणते आणि चुकले की दटावतेही.

तिने शिकविली ती ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगची पद्धत. नाव अवघड, गोष्ट आपलीच. प्रत्येक प्लॉट ही एक वस्तू, म्हणजे ऑब्जेक्ट. गट नंबर, क्षेत्र, जात, तारखा ही माहिती आणि "माझे वय किती?" याचे उत्तर काढण्याची रीत, दोन्ही त्या वस्तूच्या पोटातच राहतात. अशा वस्तूंचा साचा म्हणजे क्लास. "ऊस" हा मुख्य साचा; आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा हे त्याचे वारस. सातबाऱ्यावर वारस लागतो, तसे मुख्य साच्यातले सारे वारसांना मिळते. मात्र खोडवा वय काढण्याची आपली स्वतंत्र रीत ठेवतो. यादी करणारा भाग सर्वांना एकच प्रश्न विचारतो, उत्तर ज्याचे त्याचे. आमची चूक नेमकी येथेच दुरुस्त झाली.

दुसरा धडा काट्याचा. भरलेल्या गाडीचे वजन काट्यावरच ठरते. कारकुनाने मागाहून आकडा खोडावयाचा नाही. तशीच वस्तूच्या पोटातील माहिती बाहेरच्या कोणी परस्पर बदलू नये, असा बंदोबस्त या पद्धतीत करता येतो.

पुढचा अभ्यास अधिक कठीण निघाला. ठिबक आले तेव्हा आम्ही उत्साहाने "ठिबकचा सुरू", "ठिबकचा खोडवा" असे नवे वारस लावत सुटलो. साच्यांची नुसती भाऊबंदकी झाली! मुलगी म्हणाली, "काका, ठिबक ही उसाची जात नाही, प्लॉटला जोडलेली सोय आहे. तिला वेगळी वस्तू करा आणि प्लॉटला जोडा." वारसापेक्षा जोडणी बरी, हा सल्ला चार लेखकांनी १९९४ साली "डिझाइन पॅटर्न्स" या प्रसिद्ध ग्रंथातही दिला आहे. पडद्यावरची बटणे एकीकडे आणि तोडणीचे नियम दुसरीकडे ठेवावेत, हेही तिनेच शिकविले. नियम बदलला तरी पडदा मोडावा लागत नाही.

गंमत अशी की, ही पद्धत रांगांच्या अभ्यासातूनच निघाली. नॉर्वेतील ओस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड यांनी कामाच्या रांगा व खोळंबा यांचे गणित मांडण्यासाठी सिम्युला ही भाषा केली. १९६७ च्या आवृत्तीत क्लास आणि वारसा या कल्पना आल्या. २००१ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. गव्हाणीसमोर खोळंबलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर पाहणाऱ्या आपल्याला ही विद्या परकी का वाटावी? वारणानगर परिसरात तर १९९८ साली ७० गावांत ऊस उत्पादकांसाठी संगणकाचा प्रकल्प सुरू झाला होता.

आमचा लहानसा प्रोग्रॅम कार्यालयातील संगणकावरच चालतो. इंटरनेट गेले म्हणून अडत नाही. तरीही त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवीत नाही. दहा प्लॉटांची वये हाताने काढून ठेवली आहेत. प्रोग्रॅममध्ये काही बदल केला की प्रथम ती दहा उत्तरे जुळतात का ते पाहतो. जुळली नाहीत तर यादी बाहेर जात नाही.

आता विनंती आपणास. खोडवा राखणाऱ्या प्रत्येक सभासदाने गट कार्यालयात येऊन मूळ लागण आणि मागील तोडणी या दोन्ही तारखा स्वतः पाहून सही करावी. आणि घरातील मुलगा वा मुलगी संगणक शिकत असेल, तर सुट्टीत आमच्याकडे अवश्य पाठवावे. प्रोग्रॅम त्यांना येतो, ऊस आपल्याला कळतो. दोघे एका टेबलाशी बसले, तरच नंबर बरोबर लागेल.



— ऊस विकास अधिकारी