कॅल्शियमचा प्रकाशमय मागोवा : फ्युरा-२ चे कार्यतत्त्व

सजीव पेशीतील मुक्त कॅल्शियम आयनांचे मापन ही दीर्घकाळ कठीण समस्या होती. विश्रांत पेशीद्रवात त्यांची संहती सुमारे १०० नॅनोमोलर, तर पेशीबाहेर ती सुमारे दहा हजारपट असते. रॉजर त्सिएन यांनी १९८० मध्ये मॅग्नेशियमच्या तुलनेत कॅल्शियमला प्राधान्याने बांधणारा ‘बाप्टा’ हा ग्राही रेणू मांडला. अशा ग्राही भागास प्रतिदीप्त भाग जोडल्यास आयनाचे बंधन प्रकाशाच्या रूपाने व्यक्त होते.

मात्र केवळ तेजस्वितेवर विसंबणे धोक्याचे ठरते. कारण रंजक अधिक असला किंवा पेशी जाड असली तरीही प्रकाश वाढतो. त्सिएन व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या फ्युरा-२ ने ही अडचण दूर केली. कॅल्शियम बांधले जाताच ३४० नॅनोमीटरच्या उद्दीपनाने मिळणारी प्रतिदीप्ती वाढते व ३८० नॅनोमीटरने मिळणारी घटते. उत्सर्जन मात्र दोन्ही वेळी ५१० नॅनोमीटरच्या आसपासच मोजले जाते. या दोहोंचे गुणोत्तर घेतल्यास रंजकाचे प्रमाण व पेशीची जाडी यांचा प्रभाव बव्हंशी नाहीसा होतो.

तथापि रंजक स्वतःही कॅल्शियम बांधून ठेवतो. त्याची मात्रा वाढल्यास ज्या बदलाचे मापन करावयाचे, तोच बदल मंदावतो. म्हणूनच रंजकाची मात्रा मर्यादित राखणे हा या मापनपद्धतीचा अविभाज्य भाग होय.