साखर नाही, मग बाटलीत काय?

हाजरा धबधबा पाहायला दरेकसा स्टेशनवर उतरताना हातात ‘शुगर फ्री’ फळपेयाची बाटली असेल, तर तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. १०० मिलीत ०.५ ग्रॅमपर्यंत साखर असली, तरी नियमाने ते ‘शुगर फ्री’च. आणि फळ? ‘फ्रूट ड्रिंक’मध्ये १० टक्के रस पुरतो, लिंबाच्या पेयाला तर ५ टक्केच.

साखर काढली की गोडीबरोबर दाटपणाही जातो. ही कसर भरून काढायला घटकयादीत पूरक पदार्थांचे सांकेतिक आकडे येतात: गोडीसाठी ९५० (एसेसल्फेम पोटॅशियम), ९५१ (अस्पार्टेम) किंवा ९५५ (सुक्रालोज), दाटपणासाठी ४१५ (झँथन गम), टिकण्यासाठी २११ (सोडियम बेन्झोएट). ३३० दिसला तर दचकू नका. ते सायट्रिक आम्ल, लिंबातही असतंच. ब्राझीलचे कार्लोस मोंतेइरो यांच्या ‘नोव्हा’ वर्गवारीत अशी पेयं चौथ्या, म्हणजे अतिप्रक्रिया केलेल्या गटात मोडतात. जंगलातल्या जांभळाला हा खटाटोप लागत नाही. साखर मात्र त्यातही असते, हे मधुमेहींनी विसरू नये.

जुलै २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अस्पार्टेमला ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं. पुरावा मर्यादित होता. त्याच वेळी अन्नातल्या पूरक पदार्थांवरच्या तज्ज्ञ समितीने दर किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅमची मर्यादा कायम ठेवली. म्हणजे ६० किलोच्या माणसाला २,४०० मिलिग्रॅम. एका बाटलीने ती ओलांडली जात नाही. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांना मात्र अस्पार्टेम वर्ज्यच. तशी सूचना बाटलीवर छापावी लागते.