जास्वंदीवरील कीड

जास्वंदीवरील कीड : जास्वंद या शोभिवंत झुडपाची पाने, कोवळे शेंडे व कळ्या यांतील रस शोषून किंवा हे भाग कुरतडून उपद्रव करणारे कीटक. हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस हे जास्वंदीचे शास्त्रीय नाव असून तिचा समावेश माल्व्हेसी कुलात होतो. कापूस, भेंडी व अंबाडी ही पिकेही याच कुलातील आहेत. त्यामुळे जास्वंदीवरील बरेच कीटक या पिकांवरही जगतात. अमरावती व अकोला हे वऱ्हाडातील जिल्हे कापसासाठी प्रसिद्ध असल्याने तेथील अंगणातली जास्वंद व शेतातली पऱ्हाटी (कापसाचे उभे पीक) यांचा कीटकांच्या बाबतीत निकटचा संबंध येतो. पऱ्हाटी वर्षातून काही महिनेच शेतात उभी असते. जास्वंद मात्र बहुवर्षायू व सदापर्णी आहे. साहजिकच पीक निघाल्यावर अनेक कीटकांना तिचा आश्रय मिळतो.

रस शोषणारे कीटक : यांत पिठ्या ढेकूण सर्वांत त्रासदायक होय. त्याचे मऊ, लंबगोल शरीर पिठासारख्या पांढऱ्या मेणाने झाकलेले असते. जास्वंदीवर त्याच्या मुख्यतः दोन जाती आढळतात. मॅकोनेलिकॉकस हिरसूटस या जातीचे शरीर मेणाखाली गुलाबी असते. तिच्या लाळेतील विषारी द्रव्यामुळे शेंड्याची पाने चुरगळून त्यांचा गुच्छ बनतो व वाढ खुंटते. फिनॅकॉकस सोलेनॉप्सिस या दुसऱ्या जातीच्या पाठीवर काळसर खुणांच्या दोन ओळी दिसतात. ही मूळची अमेरिकेतील जात असून २००५ नंतरच्या काही वर्षांत तिने भारतातील कापसावर मोठा उपद्रव केला. गाजर गवतावरही ती वाढते; म्हणून कुंपणालगतचे हे तण उपटून टाकणे आवश्यक असते.

मावा हा हिरवट, पिवळसर किंवा काळपट रंगाचा बारीक कीटक असून तो कळ्यांवर व कोवळ्या पानांच्या खालच्या बाजूस दाटीने राहतो. मावा व पिठ्या ढेकूण यांच्या शरीरातून गोड, चिकट स्राव पडतो. त्याच्या लोभाने मुंगळे येतात व त्यावर काळी बुरशी वाढून पानांचे अन्ननिर्मितीचे कार्य मंदावते. पांढऱ्या माशीचे प्रौढ कीटक फांदी हलविताच उडतात. तुडतुडे पाचरीच्या आकाराचे असून तिरके चालतात. त्यांच्यामुळे पानांच्या कडा पिवळ्या, नंतर तांबूस होऊन वळतात. उन्हाळ्यात पानांवर बारीक पांढुरके ठिपके व खाली नाजूक जाळी दिसल्यास तो कोळ्यांचा उपद्रव समजावा. कोळी हे कीटक नसून अष्टपाद प्राणी आहेत.

इतर कीटक : ठिपक्यांची बोंडअळी कळ्या व कोवळे शेंडे पोखरते, अशा कळीवर छिद्र व विष्ठा आढळते. पावसाळ्यात काळ्या पंखांवर नारिंगी पट्टे असलेले हिंगे फुलांच्या पाकळ्या खातात. त्यांच्या शरीरातील द्रवाने त्वचेवर फोड येतात. म्हणून ते उघड्या हाताने धरू नयेत. तांबडे ढेकूण घोळक्याने दिसतात, परंतु त्यांचे मुख्य खाद्य कापूस, भेंडी इत्यादींचे बी असल्याने जास्वंदीची हानी सहसा थोडीच होते.

कीड नसताना दिसणारी लक्षणे : पिवळे पान किंवा गळालेली कळी म्हणजे कीड असे नाही. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह उपलब्ध न झाल्यास कोवळी पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात. पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात खारे पाणी दिल्याने पानांच्या कडा करपतात. पाण्याचा ताण किंवा मुळाशी साचलेले पाणी यांमुळेही कळ्या गळतात. अशा झाडावर कीटकनाशक फवारणे व्यर्थ असते. पानाची खालची बाजू, शेंडा व उमललेली नसलेली कळी भिंगातून तपासल्यावरच निदान करावे.

नियंत्रण : थोडा उपद्रव असल्यास पाण्याच्या जोरदार धारेने मावा व कोळी धुऊन जातात. पिठ्या ढेकणाने गुरफटलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवावेत. ते कुंपणापलीकडे फेकल्यास कीड शेजारच्या शेतात पसरते. मुंगळे पिठ्या ढेकणाच्या शत्रूंना हुसकावतात. म्हणून त्यांचाही बंदोबस्त करावा लागतो.

नैसर्गिक शत्रू ओळखणे तितकेच महत्त्वाचे आहे. ढालकिडे व त्यांच्या अळ्या मावा खातात. १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणलेल्या क्रिप्टोलीमस या भुंगेऱ्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणाने मढलेली असते. ती पिठ्या ढेकणाहून मोठी व चपळ असली, तरी अनेकदा कीड समजून मारली जाते. एनॅसियस ही सूक्ष्म गांधीलमाशी फिनॅकॉकसच्या शरीरात अंडी घालते. असे ढेकूण फुगून तांबूस-तपकिरी व कठीण होतात. ते झाडावरच राहू द्यावेत. कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावर १९९४ मध्ये गुलाबी पिठ्या ढेकणाने जास्वंदीचा नाश केला, तेव्हा ॲनॅगायरस या परजीवी गांधीलमाशीने व क्रिप्टोलीमसने तो आटोक्यात आणला.

उपद्रव वाढल्यास निंबोळी अर्क उपयोगी पडतो. ५० ग्रॅ. निंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी गाळतात व द्रावण १ लि. करून त्यात थोडा साबण मिसळतात. प्रथम एका फांदीवर फवारून पाने करपत नाहीत याची खात्री करावी. वऱ्हाडातील कडक उन्हात फवारणी सायंकाळीच करावी व ६-७ दिवसांनी पुन्हा करावी. विदर्भातील कापूस पिकासाठीही अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ (स्थापना १९६९) ५ टक्के निंबोळी अर्काची शिफारस करीत आले आहे.

कापसासाठी आणलेले व घरात उरलेले कीटकनाशक अंगणात फवारण्याची प्रथा धोकादायक आहे. २०१७ च्या खरीप हंगामात लगतच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले व शेकडोंना उपचार घ्यावे लागले. अंगणात तर लहान मुले वावरतात, फुले गणपतीला व देवीला वाहिली जातात, काही घरी ती केशतेलासाठीही वापरतात आणि मधमाश्या व सूर्यपक्षी मधासाठी येतात. शिवाय तीव्र कीटकनाशकाने कीटकांचे नैसर्गिक शत्रू आधी मरतात व पांढरी माशी आणि कोळी पूर्वीपेक्षा जास्त वाढतात. यासाठी घरच्या जास्वंदीवर अशी द्रव्ये टाळणेच इष्ट ठरते.